कणीक, जवारी आणि भाता

मिरजेच्या तंतुवाद्यांची गोष्ट सांगताना फरीदसाहेब शिकलगारांचे नाव पहिले निघते. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्रजी अंमल स्थिरावला, हत्यारांचे गिऱ्हाईक आटले आणि या घराण्यांच्या हाताला काम उरले नाही. त्याच सुमारास मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या दरबारी उत्तरेकडचे गवई-वादक येत होते. त्यांची वाद्ये प्रवासात तडकत, मोडत, आणि दुरुस्तीसाठी ती परत उत्तरेत धाडणे म्हणजे महिनोन्महिन्यांची खोटी. तेव्हा दरबाराने धातूवर आणि लाकडावर हात बसलेल्या शिकलगारांकडे हे काम सोपवले, असे मिरजेत परंपरेने सांगतात. नवे तंबोरे, नव्या सतारी हे सगळे पुढचे. आधी दुरुस्ती होती. या कथेतला हा क्रम सहसा कोणी थांबून पाहत नाही. तो पाहिला की लगेच एक प्रश्न उभा राहतो: दुरुस्तीचा असा स्वतंत्र धंदा गावात नव्हता तेव्हा वाद्यांची रोजची निगा कोण राखत असे? उत्तर सरळ आहे. वाजवणाराच राखत असे, आणि त्याच्या घरी शिकणारी पोरे राखत असत. आज गाण्याच्या किंवा तबल्याच्या क्लासला जाणाऱ्या मुलाला वाद्य पुसून गवसणीत घालण्यापलीकडे फारसे काही करावे लागत नाही. ही निगा त्याच्या हातून सुटली ती त्याच्या आळसामुळे नव्हे आणि गुरुभक्ती आटल्यामुळेही नव्हे. शिकवणी तासावर आली, वाद्य संस्थेच्या मालकीचे झाले, आणि ज्या वाद्याची निगा शिकणाऱ्यावाचून अडत नव्हती तेच वाद्य वर्गात टिकले, असे माझे म्हणणे आहे. म्हणजे निगा हे वादनाच्या इतिहासातले किरकोळ प्रकरण नाही. कोणते वाद्य मुलांनी शिकायचे हे बऱ्याच अंशी तिनेच ठरवले.

पखवाजापासून सुरुवात करू, कारण तिथे निगा आणि वादन यांच्यात भिंतच नाही. पखवाजाच्या उजव्या तोंडाला कायमची शाई असते, डाव्या तोंडाला, म्हणजे धुमाला, ती नसते. तिथे दर बैठकीला गव्हाची ओली कणीक लावायची. कणीक पोळीच्या कणकेपेक्षा सैल भिजवतात, तिचा गोळा धुमाच्या मधोमध थापतात, बोटांनी कडा पातळ करत नेतात आणि थाप मारून पाहतात. कणीक जास्त झाली तर आवाज खाली उतरतो आणि बसतो, कमी पडली तर धुम नुसता पोकळ वाजतो. उजव्या तोंडाशी त्याचा मेळ बसेपर्यंत थोडी काढायची, थोडी लावायची. भजन लांबले की ती सुकते, मग बोट ओले करून फिरवायचे. आणि वाजवून झाल्यावर ती खरवडून धुम पुसून ठेवायचा, नाहीतर कातडे कडक होते, मुंग्या लागतात, उंदीर तर धुमासकट कणीक खातात. हे सगळे करायला कारागीर लागत नाही, पण कान लागतो, आणि तो कान हे करता करताच तयार होतो. किती कणकेला कोणता आवाज, हे ज्या मुलाने शंभर वेळा लावून-काढून पाहिले त्याला वजन आणि स्वर यांचे नाते वेगळे शिकवावे लागत नाही. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे राहून शिकणाऱ्या मुलांच्या मृदंगाच्या शिक्षणात हे काम ओघानेच आले, कारण मुले तिथेच राहत होती, वाद्य तिथेच होते आणि भजन रोजचे होते.

तबल्यात हेच काम उलट्या बाजूने सोडवलेले दिसते. डग्ग्यावरची शाई कायमची आहे. लोखंडाचा बारीक कीस आणि खळ यांचा लगदा थरावर थर देऊन, प्रत्येक थर दगडाने घोटून ती बसवतात. हे काम घरी कोणी करत नाही. वाजवणाऱ्याकडे उरते ते हातोडीने गठ्ठे आणि गजरा ठोकून सूर मिळवणे, वाद्य उन्हापासून आणि सर्द हवेपासून जपणे, घामट हात शाईवर न फिरवणे. शाईचा टवका उडाला किंवा पुडी फाटली की डग्गा थेट दुकानात. म्हणजे पखवाजात रोज शिष्याच्या बोटांखाली असलेला भाग तबल्यात एकदाचा कारागिराच्या हाती गेला. यामुळे तबला पखवाजापेक्षा कमी दर्जाचा ठरतो असे मुळीच नाही. डग्ग्याच्या शाईमुळेच मनगट घासून निघणारी मींड शक्य झाली. आणि पखवाज मागे पडला त्याचे मोठे कारण धृपद मागे पडून ख्याल पुढे आला हे आहे, हेही मान्य केले पाहिजे. मात्र गावोगावच्या वर्गांत दहा मुलांना एका तासात शिकवायचे झाले, तर त्यातली वीस मिनिटे कणीक भिजवण्यात आणि खरवडण्यात घालवणे कोणत्याही शिक्षकाला परवडले नसते.

तंबोऱ्याची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे आणि ती नीट पाहिल्यावाचून जुन्या काळाबद्दल भाबडे बोलले जाते. तंबोऱ्याचा आवाज भोपळ्यात नाही, घोडीवर आहे असे म्हटले तरी चालेल. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी बारीक उतार असतो. तार त्या उतारावरून निसटताना घोडीला पुन्हा पुन्हा स्पर्श करते आणि त्यातून तो भरलेला, गुंजणारा झंकार उठतो. हीच जवारी. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून ती नेमकी उघडायची असते. दोरा केसभर इकडे झाला की आवाज मुका, केसभर तिकडे झाला की नुसता भणभणाट. वर्षानुवर्षे वाजवून तारा घोडीत खाचा पाडतात, मग घोडी कानशीने पुन्हा घासावी लागते. इथे दोन वेगळी कामे आहेत. तार बदलणे, निसटणाऱ्या खुंटीला खडू लावणे, मणी सरकवून सूर बारीक करणे आणि दोरा बसवणे हे शिष्याचे काम होते. घोडीला कानस लावणे हे मात्र जाणकाराचे, कारण घासलेले परत येत नाही. सगळे काही शिष्यच करत असत असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही. शिष्य आणि कारागीर यांच्यात रेघ पूर्वीही होती. प्रश्न ती कुठे मारली होती एवढाच आहे.

काही मोठे गवई ती रेघ खुशाल ओलांडत. अब्दुल करीम खाँ गाण्याबरोबर बीन आणि सारंगीही वाजवत, आणि वाद्य उघडून स्वतःच्या हाताने नीट करण्यात त्यांचा हातखंडा होता. मिरजेशी त्यांचे नाते मीरासाहेबांच्या दर्ग्यामुळे जडले. १९३७ साली ते गेले तेव्हा त्यांना तिथेच दफन केले गेले, आणि दर्ग्याच्या उरुसात आजही गवई हजेरी लावतात. पुण्यातल्या त्यांच्या आर्य संगीत विद्यालयात शिष्य त्यांच्याच घरात वाढत. तंबोरे लावून ठेवणे, तारा चढवणे, प्रवासात वाद्ये सांभाळणे ही त्या घरातली रोजची कामे होती. इथे एक रास्त आक्षेप येतो. गुरूच्या घरी शिष्य पाणी भरत होता, हुक्का भरत होता, बाजार आणत होता. त्याच यादीत तंबोरा पुसणे आले म्हणून त्याला शिक्षण का म्हणायचे? आक्षेप अर्धा बरोबर आहे. गुरुगृहातली पुष्कळ सेवा ही निव्वळ सेवाच होती, आणि त्या व्यवस्थेत कोणाला शिकायला मिळाले आणि कोणाला उंबरठ्यावरूनच परत पाठवले गेले याचा हिशेब काढला तर तिचे गोडवे गाववत नाहीत. पण पाणी भरून कान तयार होत नाही आणि जवारीचा दोरा बसवून होतो. जोडाच्या दोन तारा एकमेकींत पूर्ण विरघळेपर्यंत मणी सरकवत बसलेला मुलगा षड्ज ऐकायला शिकत असतो. गुरूच्या मनात ते शिकवायचे असो वा नसो, काम शिकवून जात होते.

हे सगळे बदलण्याची सुरुवात एका कुरुंदवाडच्या माणसाने केली, आणि तीही मिरजेतूनच निघून. विष्णु दिगंबर पलुस्करांनी मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे जुन्या पद्धतीने तालीम घेतली, १८९६ च्या सुमारास मिरज सोडली आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. १९०८ साली ते मुंबईला आले. पलुस्करांच्या विद्यालयात दोन प्रकारचे विद्यार्थी होते, आणि माझ्या मते इथेच आपल्या प्रश्नाची गाठ आहे. एक गट राहून शिकणाऱ्यांचा. हे नऊ वर्षांच्या कराराने बांधलेले, जेवणखाण विद्यालयाचे, पुढे ठिकठिकाणी जाऊन शिकवण्याची अपेक्षा. दुसरा गट शहरातल्या फी भरणाऱ्यांचा, जो ठरल्या वेळी येई आणि ठरल्या वेळी जाई. विद्यालयाचा स्वतःचा छापखाना होता आणि वाद्ये बनवण्या-दुरुस्त करण्याची सोयही होती. राहणारी मुले अशा कामांत हात घालू शकत होती. फी भरणाऱ्याच्या वाट्याला तयार लावलेले वाद्य येई. त्याला तासाचा मोबदला स्वरांत हवा होता, खुंट्या पिळण्यात नव्हे, आणि त्यात त्याचे चुकले असे म्हणता येणार नाही. पुढे कर्जापायी मुंबईची इमारत १९२४ मध्ये गेली. महाराष्ट्रभर पसरले ते दुसऱ्या गटाचे रूप: संध्याकाळचे वर्ग, परीक्षा, प्रमाणपत्र. पलुस्करांनी मनात धरलेला पहिला गट, छापखान्यासकट आणि सुतारकामासकट, फार काळ तगला नाही.

मालकीचाही भाग आहे. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या काळात मौलाबक्षांनी १८८६ साली संगीतशाळा सुरू केली, तिथली वाद्ये सरकारी. पुण्यात भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली भारत गायन समाज काढला, लखनौला भातखंड्यांच्या पुढाकाराने १९२६ साली मॅरिस कॉलेज निघाले. अशा कोणत्याही संस्थेत वाद्य एकाचे नसते. जे वाद्य दिवसातून पाच जण वाजवतात त्याची खुंटी कोणी पिळायची याला उत्तर एकच: ज्याला त्यासाठी पगार मिळतो त्याने. विद्यार्थ्याला हात लावू देणे उलट धोक्याचे ठरते. ‘वाद्यांना विनाकारण हात लावू नये’ अशी पाटी लावावीशी वाटते ती अशाच जागी.

अशा वर्गाला पेटीहून सोयीचे काय मिळणार होते? १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये देबेंनी बनवलेली हार्मोनियम पायाने हवा भरायची होती. कलकत्त्यात तिची हातपेटी झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला ती देशभर गेली. पेटी उघडली की सूर तयार असतो, ना खुंटी, ना दोरा, ना कणीक. भात्याला उंदरापासून जपायचे, पावसाळ्यात सर्द होऊ द्यायची नाही, झाकण लावून ठेवायची. घरच्या निगेची यादी इथेच संपते. आतले काम मात्र विद्यार्थ्याला पूर्ण बंद. पितळी सुराची जीभ टोकाकडे किंचित खरवडली तर स्वर चढतो, बुडाशी खरवडली तर उतरतो, आणि एकदा खरवडलेले पितळ परत चिकटत नाही. म्हणून पेटी लावणारा वेगळा, वाजवणारा वेगळा, ही विभागणी त्या वाद्याच्या घडणीतच आहे. तंबोऱ्याचा विद्यार्थी बेसूर वाद्य सुरात आणायला शिकत होता. पेटीच्या विद्यार्थ्याला आपले वाद्य बेसूर झाले आहे हे कळले तरी तो पेटीवाल्याची वाट पाहण्यापलीकडे काही करू शकत नाही.

यावर सर्वांत जोरदार आक्षेप सामाजिक इतिहासाच्या बाजूने येतो. पेटीने जिची जागा घेतली ती सारंगी, आणि सारंगी हरली ती कोठ्याशी जोडलेल्या बदनामीमुळे. पांढरपेशा घरांना मुलांच्या हातात ते वाद्य नको होते, निगेचा काय संबंध? बदनामी खरी होती आणि तिने सारंगियांवर अन्यायच केला. पण ती एकटी पुरेशी नाही, कारण तिने सगळी उदाहरणे सुटत नाहीत. तबलाही कोठ्यावर वाजत होता, तरी तो मध्यमवर्गीय दिवाणखान्यात आला. उलट तंबोऱ्यावर कसलाही डाग नव्हता, पोथ्यांतल्या चित्रांत नारदाच्या खांद्यावर वीणा असते तसा तो देवघरातही शोभला असता, आणि तरी वर्गातून तोच मागे सरला. सारंगीला पस्तीसेक तरफा, त्या दर रागाला वेगळ्या लावायच्या, त्याशिवाय आतड्याच्या मुख्य तारा हवेबरोबर उतरणाऱ्या. तंबोऱ्याला तारा चारच, पण लावायला कान पक्का हवा. ही दोन्ही वाद्ये वेगवेगळ्या सामाजिक दर्जाची आणि दोघांचे दुखणे एकच: शिकणाऱ्याला आधी निगा यायला हवी. दुसरा पुरावा आकाशवाणीचा आहे. १९४० साली तिने पेटीवर बंदी घातली, कारण पेटीत मींड नाही आणि श्रुती नाहीत. ती बंदी १९७१ पर्यंत सैल झाली नाही. तीस वर्षे देशातल्या सर्वांत मोठ्या संगीतसंस्थेने पेटीला दाराबाहेर ठेवले, आणि त्या तीस वर्षांत वर्गांतली पेटी हलली नाही. सौंदर्याचा निकाल एक होता, तासाचा निकाल दुसरा. सांगलीचे कृ. ब. देवल आणि क्लेमेंट्स यांनी बावीस श्रुतींची पेटी करून दोन्ही निकाल जुळवायचा प्रयत्न केला होता. ती शास्त्राच्या चर्चेत राहिली, वर्गात आली नाही.

जातीचा मुद्दा मात्र मी आक्षेप म्हणून नव्हे, भर म्हणून घेईन. चामड्याचे काम आपल्याकडे कोणी करायचे हे जातीने ठरवले होते. पुडी मढवणारे आणि वादी ओढणारे हात एका बाजूला, त्या पुडीवर बोल काढणारे हात दुसऱ्या बाजूला, ही वाटणी वर्ग सुरू होण्याच्या आधीचीच. दक्षिणेत मृदंग बनवणाऱ्या घराण्यांबद्दल टी. एम. कृष्ण यांनी २०२० साली एक अख्खे पुस्तक लिहिले आणि त्यावरून बराच वाद झाला. आपल्याकडे तबल्या-ढोलकीच्या कारागिरांवर त्या तोलाचे काम मराठीत व्हायला हवे. वर्गाने ही जुनी वाटणी निर्माण केली नाही, पण तिला एक सभ्य कारण पुरवले. आता ‘आपण चामड्याला हात लावत नाही’ असे म्हणावे लागत नव्हते. ‘वेळ नाही’ एवढे पुरत होते.

मग हे झाले ते वाईट झाले का? मला तसे वाटत नाही. पेटीमुळे आणि तासाच्या वर्गामुळे ज्यांना गाणे शिकता आले त्यांत आधी दार बंद असलेल्या कितीतरी मुली होत्या, नोकरी करून शिकणारे होते, ज्यांच्या घरी कोणीच गात नव्हते असे होते. नऊ वर्षे कोणाच्या घरी राहणे त्यांना शक्यच नव्हते. तेव्हा जुने दिवस परत आणा असे म्हणण्यात अर्थ नाही. हिशेब मांडायचा तर दुसरी बाजूही मांडावी एवढेच. १९७९ च्या सुमारास बंगळुरूत इलेक्ट्रॉनिक तानपुरा बाजारात आला आणि निगेचा शेवटचा अवशेषही गेला. आता तर तो मोबाईलमध्ये आहे, त्याला पुसण्यासाठीही काही उरले नाही. सतत अचूक वाजणाऱ्या यंत्राशेजारी गाणाऱ्याला सूर मिळतो. मात्र सूर मिळत नसताना तो मिळवत नेण्याची जी अर्ध्या तासाची खटपट होती, ती कोणत्याही अभ्यासक्रमात परत आलेली नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ १९३१ साली पलुस्करांच्या शिष्यांनी स्थापले. अशा मंडळांच्या परीक्षांच्या लेखी भागात वाद्याची आकृती काढून अवयवांची नावे लिहायला सांगण्याचा प्रघात आहे. घोडी, मणी, खुंटी, तुंबा, मेरू हे सगळे मुलांना पाठ असते. घोडी लिहिता येते, दोरा बसवता येत नाही.

या सगळ्याचा मिरजेला मात्र फायदाच झाला. रेघ जसजशी वाजवणाऱ्याकडे सरकली तसतसे कारागिराचे काम वाढले. पूर्वी शिष्य करत असे तेही आता सतारमेकरांच्या दुकानात येऊ लागले, आणि पुण्या-मुंबईचे तंबोरे जवारी काढायला मिरजेस जाऊ लागले किंवा मिरजेची माणसे त्यांच्याकडे. मंगळवेढ्याकडचे भोपळे, तुणीचे लाकूड, सांबरशिंगाऐवजी आता हाडाची किंवा कृत्रिम घोडी, हा माल बदलत गेला तरी कानशीचे काम माणसाच्याच हाती आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

आणि ही वाटचाल एकाच दिशेने चालली आहे असेही नाही. वारकरी भजनात गेली काही वर्षे नटबोल्टचा पखवाज आणि नटबोल्टची ढोलकी मोठ्या प्रमाणात दिसते. वाद्या नाहीत, गठ्ठे नाहीत; पाना फिरवला की तोंड चढते, फिरवला की उतरते, आणि पुडी फाटली तर नवी पुडी विकत आणून घरीच बसवता येते. जुने पखवाजिये त्याच्या आवाजावर नाक मुरडतात, आणि आवाजापुरते त्यांचे म्हणणे खोटे नाही. तरी ज्या मुलाचा बाप पुडीसाठी तालुक्याला खेपा घालू शकत नाही, त्याला भजन उभे राहण्याआधी आपला पखवाज आपणच लावता येतो.